देकार्तने मन-शरीर फोडलं आणि आपण एकसंध? कुणी सांगितलं?

तर्कट: काल एका ग्रुपवर पोस्ट आली, "पाश्चात्त्यांनी मन आणि शरीर वेगळं केलं, आपल्या ऋषींनी सगळं एकच मानलं." खाली नमस्कारांचा पाऊस. डोकंच फिरलं. अहो वैशेषिक हे आपलंच एक जुनं दर्शन, त्यांची द्रव्यं मोजा की, पृथ्वी, अप्, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा, मन. नऊ! देकार्त, तो सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ, बिचारा मन आणि शरीर अशा दोनावर थांबला. सांख्य या दुसऱ्या दर्शनाने तर पुरुष (शुद्ध चैतन्य) आणि प्रकृती (बाकी सगळी सृष्टी) अशी सरळ वाटणीच केली, आणि मन, बुद्धी, अहंकार सगळं प्रकृतीच्या वाट्याला, म्हणजे जड, अचेतन. सगळं एकच मानणारं अद्वैत म्हणजे अख्खा भारत नव्हे.

ओसरीवरचा: आत्मा द्रव्य?? आठवीच्या विज्ञानात द्रव्य म्हणजे जागा व्यापतं आणि वस्तुमान असतं ते.

तर्कट: ते शाळेतलं. इथे द्रव्य म्हणजे गुण आणि क्रिया ज्याच्या आधाराने राहतात ते. आणि वैशेषिक नि त्यांचं जोडीदार न्याय दर्शन, यांचं मन म्हणजे नुसतं हत्यार, अणूएवढं, एका वेळी एकाच इंद्रियाला चिकटणारं. फोनवर बोलत कुकरच्या शिट्ट्या मोजून बघा. जाणणारा तो आत्मा. म्हणजे देकार्तचा 'माइंड' शोधायचाच तर आत्म्यात शोधा, मनात नको.

मराठी_माध्यम: हेच! मॅटरला द्रव्य, सब्स्टन्सलाही द्रव्य. वैशेषिकांचे सात पदार्थ (म्हणजे असलेल्या गोष्टींचे सात वर्ग, द्रव्य हा त्यातलाच एक), भौतिकशास्त्राला पदार्थविज्ञान, आणि आमच्या घरी पदार्थ म्हणजे थालीपीठ. बीएला पहिला पेपर मी याच घोळात घालवला, सर फळ्यावर लिहायचे आणि आम्ही उतरवायचो, त्यांना तरी कळत होतं का देव जाणे. परिभाषा करणाऱ्यांना एकदा परीक्षेला बसवा.

ओसरीवरचा: इंग्रजीत काय वेगळं आहे? तिथे 'सब्स्टन्स' म्हणजे ड्रग्जही, पोलीस पकडतात.

मराठी_माध्यम: इंग्रजीची वकिली करायला तुम्ही असताच.

सांजवात: भांडा तुम्ही. माझ्या सासऱ्यांचा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली कापला. रात्री हाक मारायचे, सूनबाई, अंगठ्याला खाज सुटलीय. मी जिथे अंगठा असायचा तिथे रिकामी चादर खाजवायचे आणि त्यांना बरं वाटायचं, खोटं नाही सांगत. आता सांगा खाज कुठल्या द्रव्यात होती.

मेंदूवाला: मेंदूत. विषय संपला. आत्मा-बित्मा मध्ये आणायची गरजच नाही.

तर्कट: ताई, देकार्तने १६४१ च्या 'मेडिटेशन्स' या पुस्तकात हेच उदाहरण घेतलंय, हात-पाय कापलेल्या माणसांना तिथेच दुखतं म्हणून. मेंदूवाले, मेंदूपर्यंत तोही आला होता, पुढे १६४९ मध्ये मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीवर बोट ठेवलं, आत्मा आणि शरीर इथे भेटतात म्हणून. अडकला कुठे, तर जागा न व्यापणारी गोष्ट जागा व्यापणाऱ्याला ढकलणार कशी. हे त्याला कुणा पंडिताने नाही, बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने विचारलं, १६४३ मध्ये, वय वर्षं २४. वर म्हणाली, त्यापेक्षा आत्म्यालाच जड मानणं मला सोपं जाईल. त्याला शेवटपर्यंत धड उत्तर जमलं नाही.

मेंदूवाला: म्हणजे बाई माझ्या बाजूने.

तर्कट: तुमच्याही नाही. मेंदूत खाज दाखवा, पेशी दिसतील, खाज दिसणार नाही.

ओसरीवरचा: मग देकार्तनंतरचा डच तत्त्वज्ञ स्पिनोझा घ्या ना, एकच द्रव्य, विचार आणि विस्तार (जागा व्यापणं) हे त्याचेच गुणधर्म. कुणी कुणाला ढकलायचं नाही. अद्वैतच की!

तर्कट: अद्वैत नाही हो! स्पिनोझाकडे विस्तार खरा आहे, मिथ्या नाही. शंकराचार्यांच्या रांगेत त्याला उभं करू नका, काल तेच वाचून तर मी चिडलोय.

ओसरीवरचा: बरं बाबा, "फक्त पाश्चात्त्यांनी फोडलं" हे चूक, मान्य. लिहून देऊ का स्टॅम्पपेपरवर?

सांजवात: माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. चादर खाजवून बरं का वाटायचं?

मराठी_माध्यम: ते राहू दे, आधी सब्स्टन्सला शब्द ठरवा. 'सत्त्व' चालेल?

तर्कट: सत्त्व हा सांख्यांचा गुण. आणखी घोळ.

सांजवात: आणि आमच्याकडे ते नाचणीचं असतं.