लाल एन्ट्र्यांवरून आर्मीतून डिस्चार्ज: शेरा बदलून पेन्शन मिळू शकते का?

माणदेशी_ताई

मावसभावाच्या कागदांबद्दल सल्ला हवा आहे. आर्टिलरीत होता. भरती जुलै २००६, डिस्चार्ज ३० नोव्हेंबर २०१९. डिस्चार्ज बुकात कारण 'आर्मी रूल १३(३) तीन (पाच), सर्व्हिस नो लाँगर रिक्वायर्ड'. पाच लाल एन्ट्र्या (शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी) अशा:

२०१० – रजेवरून २१ दिवस उशिरा, १४ दिवस आर.आय. (सक्तमजुरीची कैद)
२०१३ – ३४ दिवस उशिरा, २८ दिवस आर.आय.
२०१५ – दारू पिऊन लाइनमध्ये (बराकीत), सिव्हियर रेप्रिमांड (कडक ताकीद)
२०१७ – १२ दिवस उशिरा, ७ दिवस आर.आय.
२०१९ – पुन्हा दारू, सिव्हियर रेप्रिमांड

ग्रॅच्युइटी आणि फंड मिळाला. पेन्शन नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही, नोकरीत माजी सैनिक म्हणूनही धरत नाहीत. तालुक्याला एकाने 'डिस्चार्ज अपग्रेड'चा फॉर्म भरायला सांगितलं. तो कुठे मिळतो?

गनपोझिशन

ताई, तो फॉर्म अमेरिकेतला. तिथे डिस्चार्ज मिळाल्यापासून १५ वर्षांच्या आत एका रिव्ह्यू बोर्डाकडे अर्ज करून नुसता शेरा बदलून घेता येतो. आपल्याकडे अशी खिडकीच नाही. इथे मूळ ऑर्डरलाच आव्हान द्यावं लागतं, आणि ते आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये (सैन्यदलांच्या न्यायाधिकरणात). महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी खंडपीठ मुंबईला आहे. नोकरी संपलेल्या माणसाला राहत्या ठिकाणच्या खंडपीठात दावा लावता येतो, त्यामुळे शेवटची पोस्टिंग कुठेही असली तरी मुंबई चालेल.

आधी एक गोष्ट बघा. भाऊ 'डिस्चार्ज' आहे, 'डिसमिस' नाही, आणि हे फार बरं आहे. पेन्शन रेग्युलेशनप्रमाणे डिसमिस झालेल्याची मागची सगळी सर्व्हिस पेन्शनसाठी बाद होते. डिस्चार्ज झालेला पेन्शनला पात्र राहतो, पण १५ वर्षं भरलेली हवीत.

आता हिशोब. कागदावर १३ वर्षं ४ महिने दिसतात. त्यातून गैरहजेरी २१ + ३४ + १२ = ६७ दिवस आणि कैद १४ + २८ + ७ = ४९ दिवस वजा होतात. एकूण ११६ दिवस. म्हणजे पेन्शनला धरायची सर्व्हिस जेमतेम १३ वर्षं. तूट माफ करायची मर्यादा जास्तीत जास्त १२ महिने, त्यामुळे 'तूट माफ करा' एवढ्या अर्जाने काम होणार नाही. गैरहजेरीचे काही दिवस नंतर रजेत धरले असतील तर ते परत मिळतात. हे पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या सर्व्हिसमधल्या नोंदींचे आदेश) कळतं, तिथे तारीखवार बघा.

कलमबहाद्दर

वरच्या हिशोबाशी सहमत. पण मला त्या एन्ट्र्यांत वेगळंच काही दिसतंय. भाऊ कोणत्या रँकवर होता? २०१५ ला आणि २०१९ ला सिव्हियर रेप्रिमांड, मध्येच २०१७ ला आर.आय. हे एकत्र बसत नाही.

आर्मी ॲक्टचं कलम ८० सीओला (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला) कोणत्या शिक्षा देता येतात ते सांगतं आणि कलम ८१ त्यांना मर्यादा घालतं. एनसीओला (नाईक, हवालदार अशा रँकवाल्याला) सीओ कैद देऊ शकत नाही. आणि एनसीओच्या खालच्या जवानाला रेप्रिमांड देता येत नाही, साधा नाही आणि सिव्हियरही नाही. नाईक असेल तर २०१७ ची एन्ट्री अडचणीत, गनर (आर्टिलरीतला बिनरँकचा जवान) असेल तर २०१५ आणि २०१९ च्या दोन्ही. मधल्या काळात रँक काढून घेतली असेल तरच गणित जुळतं.

माणदेशी_ताई

शेवटपर्यंत गनरच होता. रँक कधी मिळालीच नाही.

कलमबहाद्दर

मग हा मुद्दा पहिल्या पानावर घ्या. पाचातल्या दोन एन्ट्र्या कायद्यात नसलेल्या शिक्षेच्या. त्या बाजूला काढल्या तर उरतात तीन, आणि डिस्चार्जचा सगळा डोलारा 'चार किंवा जास्त' या आकड्यावर उभा असतो. समोरची बाजू म्हणणार की त्या वेळी तक्रार का केली नाही, आता उशीर झाला. त्यात तथ्य आहे, म्हणून 'त्या शिक्षा रद्द करा' अशी वेगळी मागणी करू नका. 'या दोन एन्ट्र्या डिस्चार्जचा आधार म्हणून धरता येणार नाहीत' एवढंच म्हणा.

मात्र डिस्चार्ज बुकावर भिस्त ठेवू नका, कंडक्ट शीटची (वर्तन आणि शिक्षांच्या नोंदवहीची) प्रत हातात घ्या. शिक्षेच्या रकान्यात काय लिहिलंय आणि एन्ट्रीच्या दिवशी रँक काय होती, ते अक्षरन् अक्षर वाचा. बुकात उतरवताना चुका होतात.

तोफखाना_नाका

एवढं कशाला? सुप्रीम कोर्टाचा वीरेंद्र कुमार दुबे निकाल जोडा, काम फत्ते. चार लाल एन्ट्र्यांवरून काढता येत नाही असं स्पष्ट म्हटलंय.

कलमबहाद्दर

दादा, तसं म्हटलेलं नाही, आणि याच गैरसमजात खूप दावे बुडतात.

दुबे निकाल ऑक्टोबर २०१५ चा. त्याचा पाया आर्मी मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं धोरणपत्र. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, आधी निष्पक्ष प्राथमिक चौकशी हवी. दोन, चार लाल एन्ट्र्या झाल्या म्हणजे काढायलाच हवं असं नाही. गुन्ह्यांचं स्वरूप, एकूण सर्व्हिस, खडतर ठिकाणची पोस्टिंग, पेन्शन किती जवळ आली आहे, हे सगळं तोलायचं. हे पाळलं नव्हतं म्हणून तो डिस्चार्ज पडला. २०१६ मध्ये विजय शंकर मिश्रा प्रकरणातही तसंच झालं.

पण सप्टेंबर २०१९ चा सतगुर सिंग निकाल वाचा. सात लाल एन्ट्र्या, रजेवरून वारंवार उशिरा. नोटीस दिली होती, उत्तर पाहिलं होतं, आणि कोर्टाने डिस्चार्ज कायम ठेवला. चौकशी म्हणजे पूर्ण कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्कराची औपचारिक चौकशी) नव्हे, असं त्यात आहे. सरकारी वकील हाच निकाल पुढे करतात. म्हणून दाव्यात तो स्वतःच मांडायचा आणि आपलं प्रकरण कुठे वेगळं आहे ते दाखवायचं.

'एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा' हा मुद्दा घालूच नका. वायुदलाच्या कॉर्पोरल बक्षी प्रकरणात १९९६ सालीच ठरलंय की असा डिस्चार्ज शिक्षा म्हणून धरला जात नाही, ठेवण्यालायक नाही म्हणून सोडवणं धरलं जातं. भावनेला पटतो, कोर्टात चालत नाही.

गनपोझिशन

कागद मागवण्याबद्दल. आर्टिलरीचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला. आरटीआय भावाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने करायचा. नातेवाइकाने केला तर 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' म्हणून परत येतो. फी १० रुपये, मुदत ३० दिवस, उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. 'माझ्या डिस्चार्जची सगळी माहिती द्या' असं मोघम लिहू नका. नावानिशी मागा: कंडक्ट शीट, शीट रोल (सर्व्हिसच्या नोंदींचा कागद), शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस, त्याला दिलेलं उत्तर, प्राथमिक चौकशीची कार्यवाही, सीओची शिफारस, ब्रिगेड कमांडरची मंजुरी, गैरहजेरी आणि शिक्षेच्या पार्ट टू ऑर्डर, रिलीज मेडिकल बोर्ड (सोडतानाची वैद्यकीय तपासणी).

उशीर करू नका. पेन्शन नसलेल्यांची सर्व्हिस कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात आणि युनिटकडचे कागद त्याच्या कितीतरी आधी जातात.

कागद आले की एका पानावर सहा तारखा लिहा: नोटीस निघाली, हातात पडली, उत्तर दिलं, सीओने शिफारस केली, कमांडरने मंजुरी दिली, डिस्चार्ज झाला. बहुतेक वेळा दोष या सहा तारखांतच सापडतो. कधी मंजुरीची तारीख उत्तराच्या मुदतीआधीची असते, कधी शिफारस आणि मंजुरी एकाच दिवशीची. कमांडरच्या मंजुरीत एन्ट्र्यांची यादी सोडून दुसरं काही नसेल, १३ वर्षांची सर्व्हिस किंवा फील्डमधली पोस्टिंग यांचा उल्लेखच नसेल, तर 'तोललं नाही' हे आपोआप दिसतं.

माणदेशी_ताई

नोटीस सापडली. सात दिवसांची मुदत आहे. उत्तर म्हणून इंग्रजीत टाइप केलेली एक ओळ, 'मला काही म्हणायचं नाही, एक संधी द्यावी', आणि खाली त्याची सही. तो मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलाय. ही सही आड येईल का?

कलमबहाद्दर

येईल, पण तेवढ्याने दावा संपत नाही. 'मला कळलं नाही' असं सरसकट लिहू नका, तेरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाबाबत ते पटत नाही. नोटीस नीट बघा. त्यात पाचही एन्ट्र्या तारीख, कलम, शिक्षेसह आहेत की नुसतं 'चारपेक्षा जास्त लाल एन्ट्र्या' एवढंच? तपशील नसेल तर माणूस उत्तर कशाला देणार, हा मुद्दा सहीपेक्षा भारी. आणि 'एक संधी द्यावी' ही विनंतीच आहे, तिचं काय केलं हे मंजुरीत दिसायला हवं.

आर्मी ॲक्टच्या कलम २३ प्रमाणे सेवा संपल्याचं प्रमाणपत्र मातृभाषेतही द्यावं लागतं, त्यात कारण आणि कोणाच्या अधिकाराने हे लिहावं लागतं. मराठी प्रत मिळाली नसेल तर नमूद करा. त्यावरून दावा जिंकत नाही, पण एकूण चित्रात भर पडते.

एमएच_वॉर्ड५

दोन एन्ट्र्या दारूच्या आहेत. भावाला कधी मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात ठेवलं होतं का? मेडिकल कॅटेगरी खाली आली होती का? दारूच्या व्यसनाचं निदान नोंदलेलं असेल तर त्याला वैद्यकीय बोर्डाच्या वाटेने बाहेर काढता आलं असतं. तसा कागद असेल तर दावा बराच बदलतो. नसेल तर हा विषय काढू नका, दारूच्या एन्ट्र्या विनाकारण ठळक होतात.

कलमबहाद्दर

आता मुदत, कारण बरेच दावे इथेच अडतात. ट्रायब्युनल कायदा २००७ च्या कलम २२ प्रमाणे अंतिम ऑर्डरपासून सहा महिने. म्हणजे तुमच्याकडे मे २०२० अखेर. पण सुप्रीम कोर्टाने कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सगळ्या मुदतींतून वगळला आणि १ मार्च २०२२ पासून ९० दिवस दिले. तेव्हा विलंब मोजायचा तो मे २०२२ अखेरपासून, २०२० पासून नाही. विलंबमाफीच्या अर्जात हे नाही लिहिलं तर दोन वर्षांचा उशीर फुकट अंगावर येतो.

पुढच्या काळाचं कारण टप्प्याटप्प्याने द्या: या महिन्यात आरटीआय, या महिन्यात उत्तर, या महिन्यात अपील. 'गरिबी आणि अज्ञान' या दोन शब्दांवर अर्ज सोडू नका. पेन्शन ही दर महिन्याची बाब, म्हणून मुदतच लागू नाही, असंही काही जण सांगतील. तरसेम सिंग निकाल (२००८) त्यासाठी दाखवतात. तो आधीच पात्र असलेल्याच्या थकबाकीसाठी उपयोगी. इथे आधी डिस्चार्ज पाडायचाय आणि ती एकदाच घडलेली गोष्ट आहे.

कलम २१ प्रमाणे आधी खात्याकडे दाद मागितलेली असावी लागते. रेकॉर्ड ऑफिसमार्फत अर्ज स्पीड पोस्टाने द्या, पावती जपा. सहा महिने उत्तर नाही आलं तर पुढे जाता येतं.

पुसेगाव_पोस्ट

मध्येच विचारतोय. आमच्या काकांचं समरी कोर्ट मार्शल (सीओने चालवलेला झटपट लष्करी खटला) होऊन 'डिसमिस' आहे, रजेवरून उशिरा. त्यांनाही हेच लागू?

कलमबहाद्दर

नाही, वाट वेगळी. समरी कोर्ट मार्शलमध्ये १९८८ चं धोरणपत्र बाजूला ठेवा आणि कार्यवाहीची प्रत मागा, नियम १४७ खाली तो हक्क आहे. ती ठरावीक काळच जपतात. त्यात बघा: आरोपपत्र दिल्यापासून खटल्यापर्यंत ९६ तास गेले का (नियम ३४, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर २४ तास). गुन्हा कबूल करताना त्याचा परिणाम समजावल्याची नोंद आहे का (नियम ११५). सीओ स्वतःच तक्रारीचा विषय असून न्यायाधीश म्हणून बसला का. रणजित ठाकूर निकाल (१९८७) त्यावरचा, त्यात शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार जड असल्याचंही म्हटलंय. खात्याकडची दाद कलम १६४ खाली.

पण २०२३ चा मदन प्रसाद निकाल लक्षात घ्या. १०८ दिवस उशिरा आलेल्या ड्रायव्हरची डिसमिसल कायम राहिली, आणि मागचं रेकॉर्डही कोर्टाने पाहिलं. काकांची १५ वर्षं झाली असतील तर दाव्यातच पर्यायी मागणी ठेवा: डिसमिसलचं डिस्चार्जमध्ये रूपांतर, किंवा पेन्शन रेग्युलेशनखाली विवेकाधिकारात पेन्शन.

गनपोझिशन

ताई, शेवटचं, मागणी कशी लिहायची ते. 'पूर्ण पगारासह नोकरीवर परत घ्या' लिहिलं की पहिल्याच सुनावणीला मूड जातो. दुबे निकालात मिळालं तेवढंच मागा: डिस्चार्ज रद्द, पेन्शनची किमान सर्व्हिस भरेपर्यंत नोकरीत होता असं मानावं, मधला पगार नको, पेन्शन आणि थकबाकी द्यावी. मिळालेली ग्रॅच्युइटी हिशोबात वळती होईल, हे आपणच लिहून टाका.

प्रतिवादी चार हवेत: संरक्षण सचिवांमार्फत भारत सरकार, लष्करप्रमुख, आर्टिलरी रेकॉर्डचे ऑफिसर इन चार्ज आणि पेन्शनचं काम बघणारं प्रयागराजचं पीसीडीए (संरक्षण लेखा कार्यालय). चौथं राहिलं तर निकाल लागूनही पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) निघायला महिने जातात. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा, आणि त्या एक ओळीच्या उत्तराची मूळ प्रत भावाकडे असेल तर ती कोणालाही देऊ नका, झेरॉक्सच द्या.