विषय: मदत निधी: वस्तू की रोख?

प्रेषक: कोषाध्यक्ष

नमस्कार मंडळी,

यंदाचा मदत निधी गरीब शेतकरी कुटुंबांना थेट रोख द्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. माझा विरोध नाही, पण मनात धाकधूक आहे. शिलाई मशीन दिलं, शेळ्या दिल्या तर ते डोळ्यांना दिसतं. रोख रकमेचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. घरातल्या पुरुषाने दारूत उडवली तर? वर्गणीदार विचारतील तेव्हा मी काय सांगू? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

*

प्रेषक: एक सभासद

काका,

तुमची काळजी रास्त आहे. मी कामानिमित्त दोन वर्षं पश्चिम केनियात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्या भागात गिव्हडायरेक्टली ही संस्था गरीब कुटुंबांना मोबाइलवर, एम-पेसाच्या खात्यात थेट पैसे देते. कशावर खर्च करायचे ते घरच्यांनीच ठरवायचं. २०११च्या सुमारास रारिएडा भागात याचा मोठा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडली, तिथली स्वस्ताई हिशोबात धरली तर काहींना सुमारे ४०० डॉलरच्या मोलाची रक्कम दिली, काहींना १५०० च्या वर. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ साली अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र तपासले, त्यांनाही तेच आढळलं.

पण मला सांगायचंय ते छपराबद्दल. एका घरी मी बऱ्याचदा जायची. गवताचं छप्पर, ठिकठिकाणी गळायचं. पावसाच्या रात्री ती बाई उठून अंथरुणं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवायची, तीही मुलांची झोप न मोडता. ते छप्पर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा शाकारावं लागायचं आणि दर वेळी त्याला पैसे लागायचे. पत्रे एकदा घातले की तो खर्च संपतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. एवढे पैसे एकदम हातात कधी आलेच नव्हते, इतकंच. रक्कम मिळाली तशी तिने पत्रे घातले, पत्र्याला पन्हळ लावली आणि पन्हळीखाली पिंप ठेवलं. पावसाळ्यात पाण्याच्या फेऱ्या कमी झाल्या. शेळ्या दिल्या असत्या तर तिने त्या विकून पत्रेच आणले असते, तेही पडत्या भावात.

आपल्याला खरं ठरवायचंय ते रक्कम कशी द्यायची हे. रारिएडाच्या त्या अभ्यासात दरमहा थोडे थोडे पैसे मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची ददात कमी झाली, तर एकरकमी मिळालेल्यांनी पत्र्यांसारख्या टिकाऊ गोष्टी केल्या. गरिबाघरी पैसा साठत नाही हो. आज कुणाचं आजारपण, उद्या उधारी. म्हणून मोठं काम करायचं असेल तर रक्कम एकदमच यावी लागते.

आणखी एक. रारिएडा ज्या सियाया जिल्ह्यात येतो, त्याच जिल्ह्यात पुढे दहा हजारांवर कुटुंबांना सुमारे हजार-हजार डॉलर मिळाले. त्याबद्दल २०२५ मध्ये आलेल्या शोधनिबंधात म्हटलंय की वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. पैसे हाताशी असल्यामुळे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बायकांना कमी राबावं लागलं आणि जास्त बाळंतपणं दवाखान्यात झाली. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. मात्र जिथे डॉक्टर जवळ होता तिथेच हा फरक सर्वांत जास्त दिसला. पैशाने दवाखाना उभा राहत नाही, हेही आपण धरून चालावं.

*

प्रेषक: आणखी एक सभासद

ताई, पत्र वाचून बरं वाटलं. एक शंका: गावात काही घरांनाच दिलं तर शेजाऱ्यांचं काय? शिवाय भाव नाही का वाढणार?

*

प्रेषक: एक सभासद

दादा, भावांचा प्रश्न सियायात नीट मोजला गेला. भाव जेमतेम वाढले. उलट पैसा सुताराकडे, दुकानदाराकडे, मजुराकडे फिरला. दिलेल्या एका डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवहारात अडीच डॉलरच्या आसपास भर पडल्याचा अंदाज आहे. ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांचंही उत्पन्न वाढलं.

मनातल्या सलाचं मात्र आकड्यांत उत्तर नाही. ‘तिला मिळालं, मला का नाही?’ हे मी स्वतः ऐकलंय आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणून माझा आग्रह आहे की दहा गावांत चार-चार घरं करण्यापेक्षा एकच लहान वस्ती घ्यावी आणि तिथल्या प्रत्येक घराला द्यावं. रक्कम शक्यतो बाईच्या खात्यात, दोनच मोठ्या हप्त्यांत, आणि तारखा आधी सांगून. पुढचे पैसे कधी येणार हे ठाऊक असलं की माणूस सावकाराकडे जात नाही.

आणि काका, पावत्या व फोटो मागू नका, ही विनंती. वर्षभराने कुणीतरी जाऊन बसावं, बोलावं. छप्पर आपोआप दिसेल.

*

प्रेषक: कोषाध्यक्ष

ताई, पटलं. एक वस्ती, सर्व घरं, दोन हप्ते असा सुधारित मसुदा रविवारपर्यंत पाठवतो. जवळ चालता दवाखाना असलेलीच वस्ती निवडावी, असं कलम त्यात घालतोय. फोटोंची अट काढली आहे.