मॉर्डहाइम की फ्रॉस्टग्रेव्ह? मृतांची टोळी उभी करायची आहे, सल्ला हवा

रातकिडा:
गेल्या दिवाळीत पुतण्याबरोबर अंगणात किल्ला केला. तो आठवीत आहे. मावळे मांडून झाले, शत्रू पायथ्याशी लावून झाला आणि त्यानं विचारलं, "काका, आता लढाई कोण जिंकलं ते कसं ठरवायचं?" तिथून शोधत शोधत आम्ही मिनिएचरच्या, म्हणजे रंगवलेल्या छोट्या बाहुल्यांच्या लढाईच्या खेळांपर्यंत आलो. शेकडो सैनिकांचं सैन्य रंगवणं आम्हाला झेपणार नाही. दहा-पंधरा मिनिएचरची एक टोळी, जेवणाच्या टेबलावर मावेल एवढी लढाई, आणि एका डावात जे झालं त्याचा परिणाम पुढच्या डावात दिसावा, एवढं हवं आहे. त्याला भुताखेतांचं फार वेड, त्यामुळे टोळी मृतांचीच हवी असा हट्ट आहे. मॉर्डहाइम आणि फ्रॉस्टग्रेव्ह ही दोन नावं सारखी समोर येतात. यातलं कुठलं घ्यावं? सुरुवात कशी करावी?

उंबरठा:
तुम्ही मागताय ते सगळं मॉर्डहाइममध्ये आहे. १९९९ साली गेम्स वर्कशॉपनं काढलेला हा खेळ. छपाई थांबून कैक वर्षं झाली, तरी लोक अजून खेळतात, कारण टोळी वाढत जाण्याची यातली गंमत दुसरीकडे मला तरी सापडली नाही. धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेलं शहर, त्या धूमकेतूचे तुकडे म्हणजे वायर्डस्टोन, आणि ते गोळा करायला पडक्या घरांतून फिरणाऱ्या टोळ्या, अशी कल्पना आहे.

सुरुवातीला ५०० सोन्याची नाणी मिळतात. मृतांच्या टोळीत व्हॅम्पायर ११०, नेक्रोमॅन्सर (मृतांना उठवणारा जादूगार) ३५, ड्रेग (व्हॅम्पायरचे माणूस नोकर) प्रत्येकी २० (तीनच घेता येतात), झॉम्बी १५, घूल (प्रेतं खाणारे) ४०, डायर वुल्फ (मेलेले लांडगे) ५०. टोळीत जास्तीत जास्त पंधरा जण. व्हॅम्पायर, झॉम्बी, घूल आणि लांडगे चौघेही भीती पसरवतात. समोरच्याला यांच्यावर चाल करायची तर आधी धैर्याची चाचणी द्यावी लागते. यांनी चाल केली आणि समोरचा चाचणीत नापास झाला, तर पहिल्या फेरीत फाशावर सहा पडल्याशिवाय त्याचा वारच लागत नाही. मुलाला हे फार आवडेल.

चिंचोके:
मी फ्रॉस्टग्रेव्हच्या बाजूनं बोलतो. जोसेफ मॅककलो यांचा खेळ, ऑस्प्रे या प्रकाशनानं २०१५ साली काढला, २०२० साली दुसरी आवृत्ती आली. नियम एका संध्याकाळी कळतात, सगळं एकाच वीस बाजूंच्या फाशावर चालतं, तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते. तुमचा जादूगार नेक्रोमॅन्सर घेतलात की झॉम्बी उठवता येतो. लढाई हरलात तरी खजिना उचलून टेबलाबाहेर नेलात तर हाती काहीतरी लागतं. नव्या खेळाडूचं मन खचत नाही, म्हणून मुलांसोबत मी हाच सुचवतो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये सगळी वाढ जादूगाराची आणि त्याच्या शिष्याची होते. शिपाई होते तिथेच राहतात. आणि मंत्रानं उठवलेला झॉम्बी एका वेळी एकच. टोळीभर प्रेतं हवी असतील तर मॉर्डहाइमच.

रातकिडा:
दोघांचेही आभार. पुतण्यानं लगेच यादी केली: व्हॅम्पायर, नेक्रोमॅन्सर, दोन लांडगे, चार घूल. म्हणजे ४०५ नाणी. उरलेल्या पैशांत व्हॅम्पायरला चिलखत आणि तलवार. ड्रेग अगदीच दुबळे वाटतात म्हणून त्यानं ते वगळले.

उंबरठा:
थांबवा त्याला! आम्ही पहिल्या मोहिमेत नेमकं हेच केलं आणि चौथ्या डावापर्यंत कंगाल झालो.

लढाईनंतर शहरात शोध घेण्याचा टप्पा असतो. टोळीतला जो नायक त्या डावात गारद झाला नाही, त्याचा एक फासा मिळतो. जिंकलात तर एक जास्तीचा. फाशांची बेरीज जितकी मोठी तितके वायर्डस्टोनचे तुकडे जास्त, आणि दोन-तीन फासे सारखे पडले तर विहीर, दुकान, प्रेत असं काहीतरी खास सापडतं. घूल, लांडगे आणि झॉम्बी नायक नाहीत, त्यांचा फासा नाही. ड्रेग नायक आहेत. वीस नाण्यांचा ड्रेग भिंतीआड जिवंत राहिला तरी प्रत्येक लढाईनंतर कमावून देतो. शिवाय त्याला अनुभव मिळतो, नवी कौशल्यं मिळतात. झॉम्बी आणि लांडगे आयुष्यभर काहीच शिकत नाहीत. त्यामुळे तिन्ही ड्रेग घ्याच. व्हॅम्पायर, नेक्रोमॅन्सर आणि तीन ड्रेग असे पाच नायक २०५ नाण्यांत होतात.

आता आकड्याचा प्रश्न. टोळी जितकी मोठी, तितकं तेवढेच तुकडे विकून मिळणारं उत्पन्न कमी, कारण सगळ्यांचं पोट भरायचं असतं. उत्पन्नाच्या तक्त्यात दहा ते बारा जणांचा एक रकाना, तेरा ते पंधराचा त्याच्याहून कमी पैशांचा. पण दुसऱ्या बाजूनं पाहा. टोळीतले पाव जण पडले की नेत्याला पळ काढायचा की नाही याची चाचणी द्यावी लागते. बारा जण असतील तर तिसरा पडला की चाचणी. तेरा असतील तर चौथा पडेपर्यंत उसंत मिळते. मी स्वतः तेरा घेतो.

चिंचोके:
आणि नेक्रोमॅन्सरला पुढे दामटू नका. व्हॅम्पायर मेला तर टोळी त्याच्याच हाती जाते. त्याला री-ॲनिमेशनचा मंत्र मिळाला तर पडलेला झॉम्बी परत उभा करतो. व्हॅनहेलचा मंत्र मिळाला तर झॉम्बीला किंवा लांडग्याला आणखी एकदा हलवतो. झॉम्बी धावू शकत नाहीत, म्हणून हा दुसरा मंत्र मला जास्त मोलाचा वाटतो.

पडकीभिंत:
खेळापेक्षा मला पडकी घरं करण्यात जास्त रस, म्हणून तेवढंच सांगते. मॉर्डहाइमचं टेबल मोकळं ठेवलंत तर खेळ मेलाच समजा. तिरंदाज एका कोपऱ्यातून सगळ्यांना टिपतील आणि तुमचे संथ झॉम्बी अर्ध्या वाटेवरच संपतील. चार फूट बाय चार फुटांवर निदान आठ-दहा इमारती हव्यात, त्यातल्या निम्म्या दुमजली, मधे फळ्यांचे पूल. कुरिअरच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा घ्या. विटांसाठी अंड्यांच्या ट्रेचे तुकडे कापून फेविकॉलनं चिकटवा. घरात जुना थर्माकोल पडला असेल आणि तो वापरणार असाल तर आधी फेविकॉलचे दोन हात द्या. थेट रंगाचा स्प्रे मारलात तर थर्माकोल विरघळतो. किल्ल्याची उरलेली माती चाळून तळावर लावा, इतकी चांगली धूळ विकत मिळत नाही.

झॉम्बी रंगवायला सर्वांत सोपे. करडा थर, त्यावर कोरड्या ब्रशनं फिकट रंग, मग पातळ तपकिरी शाई ओतून खाचांत साचू द्यायची. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) टाळा. दमट हवेत पांढरट, खरखरीत थर बसतो. तेव्हा ब्रशनंच लावा. तुटलेले हातपाय जोडायला एम-सील उत्तम. आणि कोणी थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या रेझिनच्या मिनिएचर देत असेल तर त्या नीट धुऊन, प्रकाशात पूर्ण कडक केलेल्या आहेत ना, ते विचारा. चिकट लागत असेल तर मुलाच्या हातात देऊ नका.

रातकिडा:
रात्री जेवणानंतर दोघं वही घेऊन बसलो. नवी यादी: व्हॅम्पायर, नेक्रोमॅन्सर, तीन ड्रेग, पाच झॉम्बी, दोन घूल, एक लांडगा. तेरा जण, ४१० नाणी. व्हॅम्पायरला तलवार आणि शिरस्त्राण, ड्रेगांना धनुष्यं आणि सोटे. एकूण ४६९. तिन्ही ड्रेगांची नावं धोंडू, कोंडू आणि बंडू ठेवली आहेत आणि यातलं कोणी मेलेलं चालणार नाही असं मला बजावण्यात आलं आहे. उरलेल्या ३१ नाण्यांत लांडग्याऐवजी तिसरा घूल बसवावा का?

उंबरठा:
लांडगा राहू दे. अठरा इंचांवरून चाल करणारं तुमच्याकडे दुसरं कोणी नाही. लपलेल्या तिरंदाजापर्यंत तोच पोचेल. ३१ नाणी गंगाजळीत ठेवा. गारद झालेला झॉम्बी डावानंतर फाशावर एक किंवा दोन पडले की कायमचा जातो, म्हणजे पहिल्या लढाईनंतर एखाद-दोन विकत घ्यावेच लागतील. धोंडू-कोंडूला पहिल्या डावात वरच्या मजल्याच्या कडेला मात्र उभं करू नका, तिथून पडूनही गारद होतात.