शब्दचर्चा : ‘आकस्मिक खर्च’ म्हणजे नेमका कोणता?

(बोलणाऱ्यांची ओळख नागपूर परिसरातल्या त्यांच्या भागाच्या नावाने दिली आहे.)

प्रश्न (हिंगणा) : गॅस पाइपलाइनच्या अंदाजपत्रकात अलाउन्स, कंटिंजन्सी आणि एस्कलेशन या तिघांनाही आमच्याकडे ‘आकस्मिक खर्च’च म्हणतात. चालेल का?

धरमपेठ : नाही चालत भाऊ, एकच पैसा दोनदा धरला जातो, नाहीतर एकदाही नाही. पाइपचे कटाईत वाया जाणारे तुकडे, वेल्डची दुरुस्ती हे होणारच, माप तेवढं पक्कं नाही. तो अलाउन्स, त्याच बाबीत दाखवा. ‘घटतूट’ म्हटलं तरी कळतं. एस्कलेशन म्हणजे भाववाढ, ती वेगळी. ‘आकस्मिक तरतूद’ फक्त कंटिंजन्सीला ठेवा : काम ठरलेलंच, पण खर्च कुठे वाढेल ते आज सांगता येत नाही. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर आहे, पुढे नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) लागतो. काळ्या मातीखाली खडक किती खोल, हे दोन बोअरच्या मधे कोणालाच ठाऊक नसतं आणि खडक फोडायचा दर मातीच्या खोदाईच्या कितीतरी पट असतो. उद्या एखादं व्हॉल्व्ह स्टेशन वाढवलं, तर ती व्याप्तीतली वाढ. तिला मंजुरी वेगळी घ्या, या तरतुदीत हात घालू नका.

सदर : ‘पी-९०’ जपून वापरा. खर्चात पी-९० म्हणजे ज्याच्या आत काम होण्याची शक्यता ९०% तो आकडा, म्हणजे मोठा. तेल-वायूच्या साठ्याच्या भाषेत मात्र निदान तेवढा तरी निघण्याची शक्यता ९०%, म्हणजे लहान. एकाच अहवालात दोन्ही आले तर शेजारी ‘याच्या आत’ किंवा ‘किमान’ लिहाच.

हिंगणा : आणि सगळ्या बाबींचे पी-९० बेरजेत घेतले तर?

धरमपेठ : तरतूद फुगते. १० बाबी, प्रत्येकी १० कोटी, प्रमाण विचलन (सरासरीपासून आकडा साधारण किती हलतो ते) २ कोटी धरा. बाबी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर एकूण विचलन ६.३ कोटी आणि पी-९० साधारण १०८ कोटी. सगळ्या एकदमच वरखाली होत असतील तर विचलन २० कोटी, पी-९० जवळपास १२६; सुटे पी-९० बेरजेत घेतले तरी हाच आकडा येतो. मॉन्टे कार्लो (संगणकावर हजारो वेळा यादृच्छिक आकडे घेऊन बेरीज करणं) चालवताना सहसंबंध, म्हणजे बाबी किती एकत्र हलतात ते, भरायचा राहिला की पहिलं उत्तर येतं, दिसायलाही छान दिसतं. पण पोलादाचा दर चढला तर पाइप, फिटिंग, व्हॉल्व्ह सगळेच चढतात. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे असतं.

सदर : ‘अधिक-उणे १०%’ हेही सरसकट नको. एएसीई या खर्च-अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीत वर्ग ३ च्या अंदाजपत्रकाला खालची बाजू १० ते २०%, वरची १० ते ३०%. ही पट्टी कंटिंजन्सी धरून आलेल्या आकड्याभोवतीची आहे, तिच्यावर पुन्हा तरतूद चढवायची नाही.