चिनी भाष्यकार जंग श्वान

प्रश्न (फोंडा): आमच्या घरच्या पोथ्यांत मूळ श्लोक आणि टीका एकाच पानावर आहेत. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथांवर चीनमध्ये असे भाष्य कोणी रचले?

उत्तर (म्हापसा): हान काळातील जंग श्वान (१२७–२००) यांचे नाव प्रथम घ्यावे. विद्वान मा रोंग यांच्याकडे शिकून परतल्यावर राजकीय बंदीमुळे त्यांना अधिकारपदे वर्ज्य झाली, आणि त्या सक्तीच्या एकांतात त्यांनी त्या परंपरेतील विधिग्रंथांचे (कर्मकांड व शिष्टाचार सांगणाऱ्या ग्रंथांचे) अवघड शब्द, उपकरणे व आचार यांचा उलगडा करण्याचे काम चिकाटीने चालवले, ज्याबद्दल मला नितांत आदर वाटतो.

प्रश्नकर्ता: ते पाठभेदही नोंदवीत का?

उत्तर (मडगाव): होय. ‘यीली’ या विधिग्रंथाच्या भाष्यात त्यांनी प्राचीन आणि प्रचलित लिपींतील पाठांची तुलना केली आहे. पुढे चीनच्या थांग राजवंशाच्या दरबाराने ६५३ मध्ये प्रमाण टीका जाहीर केल्या, तेव्हा ‘लीजी’ या दुसऱ्या विधिग्रंथासाठी त्यांचेच भाष्य स्वीकारले.