विषय: बाबांची हार्ड डिस्क घरच्या वाय-फायवर कशी आणू?

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांसाठी आईकडे पार्ल्याला आले आहे. बिल्डिंगच्या गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या साठ-सत्तर कॅसेट बाबांनी जपून ठेवल्या होत्या. त्या गेल्या वर्षी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि जुन्या फोटोंसकट २ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर ठेवल्या. पण आईला लॅपटॉप जमत नाही. हॉलमधल्या टीव्हीवर तिला रिमोटने स्वतःची स्वतः गाणी लावता यावीत, एवढंच हवं आहे. इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या राउटरला मागे यूएसबी पोर्ट आहे. तिथे डिस्क लावली की दिवा लागतो, बारीक टिकटिक होते आणि पुढे काहीच नाही. टीव्हीवर दिसत नाही, लॅपटॉपवरही नाही.

आणि परत गेल्यावर मला टोरांटोहून ती गाणी ऐकता येतील का?

— पार्ल्याहून

*

ताई,

आधी ती डिस्क राउटरमधून काढ, मग पुढचं वाच.

साध्या यूएसबी २ पोर्टातून ५०० मिलिअँपियरच करंट मिळतो. डिस्कच्या तबकड्या फिरायला लागतात त्या क्षणी तिला बहुतेक वेळा त्याहून जास्त लागतो. तबकडी वेग घेते, वीज अपुरी पडते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. तीच ही टिकटिक असावी. पण खात्री करून घे: लॅपटॉपला लावल्यावरही असाच आवाज आला, तर डिस्कच खराब होत चालली आहे असं समज आणि जे निघतं आहे ते आधी उतरवून घे.

लॅपटॉपवर नीट चालली तरी पहिलं काम तेच. दुसरी डिस्क आण आणि सगळं कॉपी कर. बाबांनी जपलेल्या कॅसेटची एकच प्रत असताना मी तुला एकही बटण दाबू देणार नाही. राउटरच्या स्क्रीनवर ‘फॉरमॅट’ असं दिसलं तर हो म्हणू नकोस.

मग लॅमिंग्टन रोडला जा आणि स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब माग. नुसता चार तोंडांचा हब नको, त्याने विजेचा प्रश्न सुटत नाही.

— काका

*

काका,

लॅपटॉपवर आवाज नाही, हुश्श. दुसऱ्या डिस्कवर कॉपी झाली, ती आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवली. हबही आणला. टिकटिक थांबली आणि टीव्हीवर गाण्यांची यादी दिसायला लागली! पण मधेच ती गायब होते, राउटर बंद-चालू केला की परत येते. आईला रोज ते कसं जमणार? लॅपटॉपवर अजून काही नाही. दुकानदार म्हणाला, विंडोजमध्ये ‘एसएमबी १’ चालू करा, लगेच दिसेल. करू का?

*

नको ग.

कॉम्प्युटर एकमेकांच्या फायली ज्या पद्धतीने मागतात, तिची ती फार जुनी आवृत्ती आहे. मे २०१७ मध्ये फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच भोकातून, आणि त्याच वर्षापासून विंडोज १० ने तिला बाजूला काढायला सुरुवात केली. राउटरच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ आहे का बघ. नसेल, तर त्या राउटरकडून फक्त इंटरनेटचं काम घे. कोणाकडे रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, थोडक्यात ‘पाय’) पडून आहे का? त्यावर साम्बा नावाचं सॉफ्टवेअर बसवलं की लॅपटॉपला डिस्क दिसेल, आणि मिनीडीएलएनए बसवलं की टीव्हीला.

— काका

*

ताई, टोरांटोच्या प्रश्नाबद्दल लिहितो, माझं रोजचं काम नेटवर्कचंच आहे.

कोणी राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ (म्हणजे इंटरनेटवरून घरातल्या उपकरणापर्यंत थेट वाट) करून दे म्हटलं तर करू देऊ नका. एसएमबी ज्या वाटेने चालतं ते पोर्ट ४४५ इंटरनेटकडे उघडं ठेवणं म्हणजे ब्लॉकचं दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. जून २०२१ मध्ये ‘माय बुक लाइव्ह’ या इंटरनेटला जोडलेल्या डिस्क जगभरात लांबूनच पुसल्या गेल्या. लोक सकाळी उठले तर वर्षानुवर्षांचे फोटो नाहीत. शिवाय भारतात पुष्कळ कनेक्शन कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे असतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कशाने सुरू होत असेल, तर बाहेरून थेट पोचताच येणार नाही.

त्यापेक्षा पायवर आणि तुमच्या फोनवर टेलस्केल हे अ‍ॅप टाका. दोन्ही उपकरणं आपसात कुलूपबंद वाट काढतात, राउटरला हात लावावा लागत नाही.

— भाचा, लीड्स

*

मंडळी,

शेजारच्या मुलाचा रास्पबेरी पाय ४ धूळ खात पडला होता, त्याने आनंदाने दिला आणि रविवारी बसून सगळं जोडूनही दिलं. साम्बाला वेगळं नाव-पासवर्ड ठेवलं आणि आईसाठी ‘फक्त वाचायचं’ असं लावलं, म्हणजे चुकूनही काही पुसलं जाणार नाही.

एक अडचण आली, ती कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. डिस्क पायच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात होती आणि सगळं राउटरला चिकटून ठेवलं होतं. टीव्हीवर गाणं अडखळायचं. भाच्याने फोनवर सांगितलं की यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये शिरतो, इंटेलने २०१२ सालीच हे मोजून दाखवलं होतं. लांब केबल घालून पाय आणि डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली, अडखळणं बंद.

संध्याकाळी आईने रिमोट घेतला आणि बाबांचं निवेदन असलेली कॅसेट स्वतः लावली. काका, तुम्ही आधी कॉपी करायला लावलीत, त्याबद्दल तुमचे फार आभार.

आता ती रोज एकेक कॅसेट ऐकते आणि कोण गातंय, कुठलं वर्ष, पेटीवर कोण, सगळं सांगते. मी फायलींना तशी नावं देते आहे. आज अकरावी झाली.

— पार्ल्याहून