पट एक, वर्ग दोन : उपनगरातील माध्यमिक शाळेने सेमी-इंग्रजीसाठी मुलांची विभागणी करावी का?

चर्चेचा प्रस्ताव : एक पालक, सातारा

साताऱ्याच्या एका उपनगरात, औद्योगिक वसाहतीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, अनुदानावर चालणारी एक मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा आहे. माझी मुलगी तिथे आठवीत शिकते. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एकाच शाळेची नाही. तिच्या सातवीच्या वर्गात जावळीच्या डोंगरातून शहरात उतरलेल्या कुटुंबांची मुले होती, विजापूरकडून सेंट्रिंगच्या कामाला आलेल्यांची कन्नड बोलणारी मुले होती, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कारखान्यांत आलेल्यांची हिंदी बोलणारी मुले होती, मुसलमान घरांतली होती, वडार वस्तीतली होती आणि आमच्यासारख्या नोकरदारांचीही होती. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी घेऊन ही सगळी मुले एकाच पडवीत बसत.

यंदा जूनमध्ये आठवीच्या तुकड्यांची यादी फलकावर लागली. सेमी-इंग्रजीची ‘अ’ तुकडी वरच्या मजल्यावर आणि मराठीची ‘ब’ तुकडी खाली. मुलीची दोन वर्षांची बाकावरची मैत्रीण, जिच्या घरी कन्नड बोलतात आणि जिने माझ्या मुलीला बावीसपासून तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ करून दिले, ती ‘ब’ मध्ये गेली. यादीवर बोट ठेवून ती माझ्या मुलीला एवढेच म्हणाली, “तू वर गेलीस.” त्या दिवसापासून ‘अ’ तुकडीतील मुले आहार वर नेऊन खातात, कारण त्यांची सुट्टी पाच मिनिटे उशिरा होते. यादी मी नीट वाचली. नोकरदारांची जवळपास सगळी मुले वर आहेत आणि भाड्याच्या खोल्यांतून व पालांतून येणारी जवळपास सगळी खाली आहेत. कुणी हे ठरवून केले असेल असे मला वाटत नाही. सातवीचे गुण आणि पालकांचा अर्ज एवढ्यावरच विभागणी झाली, पण अर्ज भरण्याची मुदत कोणत्या पालकांपर्यंत पोहोचली आणि कोणत्या नाही, हे त्या यादीतच दिसते.

हे साताऱ्यात घडावे याचे मला विशेष वाईट वाटते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि आमच्या शाळेतही त्या दिवशी भाषणे होतात. मात्र नाव रजिस्टरमध्ये आले म्हणून मूल वर्गात सामावले गेले असे होत नाही. शाळकरी दिवसांविषयी बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की वर्गात त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट रोज घरून आणावे आणि परत न्यावे लागे, आणि शिपाई नळ उघडून द्यायला नसेल तर तहानलेलेच राहावे लागे. पुढे १९२४ मध्ये याच शहरात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत वाढले. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले.

माझे म्हणणे साधे आहे. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान हे दोनच विषय इंग्रजीतून असतात. मराठी, इतिहास, भूगोल, चित्रकला, शारीरिक शिक्षण हे सगळे दोन्ही तुकड्यांना एकाच भाषेत, बहुधा त्याच शिक्षकांकडून शिकवले जाते. मग दोन विषयांसाठी मुलांचे अख्खे शाळकरी जीवन वेगळे का करावे? तुकड्या मिसळून कराव्यात आणि गणित-विज्ञानाच्या तासापुरती मुले आपापल्या वर्गात जावीत.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, कराड

ताई, आपली कळकळ मला समजते, पण आपला प्रस्ताव मला मान्य नाही आणि गोणपाटाची तुलना तर अजिबात मान्य नाही. अस्पृश्यता हा जन्मावर लादलेला अपमान होता. सेमी-इंग्रजी हा पालकाने निवडायचा पर्याय आहे. दोन्ही गोष्टी एका ओळीत ठेवल्या तर पहिलीचे गांभीर्य कमी होते.

सेमीची तुकडी का सुरू करावी लागली हे मी आतून पाहिले आहे. दर जूनमध्ये नोकरदार घरांतील मुले दाखले काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जात होती आणि सकाळी त्यांच्या पिवळ्या बसगाड्या आमच्या फाटकासमोरून निघून जात होत्या. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार तुकड्या आणि शिक्षकांची पदे मंजूर होतात तेव्हा, तुकडी कमी होते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवताना, तो कुठे जाईल ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा जातो तो गणिताचाच शिक्षक. त्याचे नुकसान नोकरदाराच्या मुलाला होत नाही, कारण त्याच्यासाठी शिकवणी असते. ते होते सेंट्रिंगवाल्याच्या मुलीला. सेमीच्या तुकडीमुळे ती घरे शाळेत टिकली. आपली मुलगीही त्यामुळेच या शाळेत आहे, असे मी म्हटले तर आपण रागावू नये.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. दोन तुकड्यांचे गणित एकाच वेळी ठेवायचे तर गणिताचे दोन शिक्षक त्या तासाला मोकळे हवेत, आणि विज्ञानाचेही तसेच. एकच शिक्षक पाचवीपासून दहावीपर्यंत फिरत असतो तिथे हे जुळवून पाहा.

उत्तर : एक पालक, मूळ विजापूर जिल्हा, आता सातारा

मी अठरा वर्षे साताऱ्यात आहे आणि मराठी इथेच शिकलो. माझीही मुलगी ‘ब’ तुकडीत आहे. दोन्ही बाजू वाचल्या आणि दोन्हीकडे मला एकच गोष्ट खटकली. प्रस्ताव लिहिणाऱ्या ताईंना माझी मुलगी त्यांच्या मुलीशेजारी बसायला हवी आहे, आणि सरांना ती खालच्या वर्गात गणिताचा शिक्षक टिकवण्यासाठी हवी आहे. तिला स्वतःला काय हवे हे कुणी विचारलेले नाही. तिला सेमी हवे आहे. तिला सातवीत गणितात चांगले गुण होते. अर्ज भरायचा होता हे मला कळले तेव्हा मुदत संपून आठवडा झाला होता, कारण सूचना ज्या मोबाइलच्या गटावर आली त्या गटात माझा क्रमांक नव्हता.

मुले एकत्र बसली की सगळे ठीक होते, असे मला वाटत नाही. पडवीत सगळे एकत्र बसत, तेव्हाही कुणाला कुणाच्या घरी वाढदिवसाला बोलावत आणि कुणाला नाही, हे मुलांना कळत होते. एकत्र बसण्याचे कौतुक ज्याचे पोट भरलेले आहे त्याला अधिक असते. मला आधी बरोबरीची संधी द्या.

उत्तर : इतिहासाचा विद्यार्थी, सांगली

चर्चेत शाहू बोर्डिंगचे नाव आले आहे, म्हणून त्या नावामागची एक बाजू मांडतो. ज्या शाहू महाराजांचे नाव त्या मिश्र वसतिगृहाला दिले, त्यांनी स्वतः कोल्हापुरात १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी समाजवार वसतिगृहे उभी केली आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क हॉस्टेलला बळ दिले. ज्या समाजांतून शिकलेला माणूस दुर्मीळ होता, त्यांना आपले माणूस, आपली भाषा आणि आपले अन्न असलेली जागा मिळाल्याशिवाय मूल गावातून शहरात येणारच नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे वेगळी सोय ही नेहमी दुजाभावच असते असे नाही. काही वेळा ती पहिली पायरी असते.

आमच्या जिल्ह्यातले उदाहरण देतो. जत तालुक्याच्या सीमाभागात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि त्या मुलांना मातृभाषेत शिकता येते हे योग्यच आहे. उद्या कुणी म्हणाले की एकोप्यासाठी त्या बंद करा, तर मी विरोध करीन. मिरजेत मराठी, उर्दू आणि कन्नड घरांतील माणसे एकाच बाजारात वावरतात, एकाच दर्ग्याच्या उरुसाला जातात, तरी मुले आपापल्या माध्यमाच्या शाळेत शिकली म्हणून गाव तुटले नाही. साताऱ्याच्या पालकांनी शाळेच्या वर्गावर जरा जास्तच भार टाकला आहे, असे माझे मत आहे.

उत्तर : रयतच्या (भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या) वसतिगृहाचा माजी विद्यार्थी, कोरेगाव

सांगलीच्या मित्राने अर्धा इतिहास सांगितला. उरलेला अर्धा असा की त्याच शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आपल्या संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. राहण्याची सोय त्यांनी समाजवार केली, पण शिकण्याचा वर्ग एकच ठेवला. वर्ग आणि वसतिगृह यांत त्यांनी केलेला हा भेद आपल्या चर्चेला थेट लागू पडतो.

भाऊराव तर त्याच्याही पुढे गेले, आणि त्याचे कारण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क हॉस्टेलच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या माणसाला समाजवार वसतिगृहाने बाहेर काढले, त्याने साताऱ्यात मिश्र वसतिगृह काढले. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले.

विजापूरच्या दादांचे म्हणणे मात्र मला पटते. आम्ही वसतिगृहात नुसते शेजारी बसलो म्हणून एक झालो नाही. पहाटे भाकरीच्या पाळीला चार जण असत. एक पीठ मळायचा, एक थापायचा, एक चुलीपुढे आणि एक मोजून टोपलीत टाकायचा. माझ्या पाळीत पारधी समाजातला एक मुलगा भाकरी थापायचा, कारण त्याच्याइतकी पातळ कुणालाच जमत नसे. सबंध वसतिगृह त्याच्या हातचे खायचे आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे, कारण भूक लागलेली असायची. स्वावलंबन हे रयतचे ब्रीद होते ते असे रोजच्या कामातले. तुकड्या मिसळल्या आणि प्रयोगशाळेत, मैदानावर, स्नेहसंमेलनाच्या तयारीत मुलांच्या जोड्या मात्र जुन्याच राहिल्या, तर ताईंचे समाधान होईल, पण मुलांत फरक पडणार नाही.

प्रस्ताव मांडणारी पालक

सर, मी रागावले नाही. सेमी नसते तर आम्हीही कदाचित दुसरी शाळा शोधली असती, हे खरे आहे आणि ते लिहिताना मला त्रास होतो आहे. तरीही एक गोष्ट धरून ठेवते. सेमी असावे की नसावे हा माझा प्रश्न नव्हता. सेमीच्या नावाखाली प्रार्थना, मधली सुट्टी, इतिहासाचा तास आणि सहलीची गाडीसुद्धा वेगळी होते, याला माझा विरोध आहे. तुलनेबद्दल आपण म्हणता ते अर्धे मान्य करते. आजच्या मुलीला कुणी पाणी नाकारत नाही आणि तो फरक फार मोठा आहे. पण “तू वर गेलीस” हे वाक्य तेरा वर्षांच्या मुलीला सुचावे, अशी इमारतीची आखणी आपण केली आहे, हेही तितकेच खरे आहे.

सांगलीच्या दादांनी मातृभाषेचा मुद्दा काढला. आमच्या शाळेत कन्नड मुलीला कन्नड मिळत नाहीच. तिला मराठीच मिळते, फक्त खालच्या मजल्यावर.

विजापूरच्या दादांचे म्हणणे वाचून मात्र मी माझा प्रस्ताव बदलते आहे. मी शेजाराविषयी बोलत होते आणि त्यांनी दाराविषयी विचारले. शनिवारी पालक-शिक्षक संघाची बैठक आहे. लेखी अर्जात मी तीन मागण्या लिहिणार आहे : सेमीची निवड पुन्हा उघडावी आणि तिची सूचना प्रत्येक मुलाच्या हाती छापील द्यावी, गणित-विज्ञान सोडून बाकी तास मिश्र तुकडीत घ्यावेत, आणि प्रयोगशाळेतील गट शिक्षकांनी स्वतः पाडावेत.

निवृत्त मुख्याध्यापक, कराड

पहिली आणि तिसरी मागणी उद्यापासून होऊ शकते आणि त्यासाठी कोणत्याही मुख्याध्यापकाला वरून परवानगी लागत नाही. दुसऱ्या मागणीबद्दल माझा विरोध कायम आहे. चालू वर्षात तुकड्या मोडल्या तर दोन्हीकडचे पालक शाळेच्या दारात उभे राहतील. ती मागणी पुढच्या वर्षासाठी लिहा आणि मार्चमध्ये द्या, कारण वेळापत्रक एप्रिलमध्ये बसते आणि जूनमध्ये फक्त भिंतीवर लागते.

पालक, मूळ विजापूर जिल्हा

अर्जावर माझीही सही घ्या, पण क्रम बदलू नका. छापील सूचनेची मागणी पहिली आहे ती पहिलीच ठेवा, आणि तिच्यात एक ओळ वाढवा की घरी इंग्रजी सांगणारे कुणी नाही अशा मुलांसाठी सेमीच्या गणिताचा एक जादा तास शाळा सुटल्यावर घ्यावा. नाहीतर माझी मुलगी ऑगस्टमध्ये वर जाईल आणि दिवाळीनंतर स्वतःहून खाली येईल. शनिवारी मला कामावर सुट्टी नाही. बैठक पाचनंतर ठेवली तर मी येतो, आणि आमच्या चाळीतले आणखी चार जण येतील.